पेटीला घाई आहे

मांजरी, ४ ऑगस्ट

चि. शुलू,

तुझ्या बाबांच्या हॉलमध्ये पेटी आली आहे. बाकीचं सगळं नंतर लिहितो, आधी हे.

कुठली पेटी ते तुला सांगायला नको. तुमच्या ज्यूंच्या देवळातली, पत्र्याची, निळ्या रंगाची. प्रार्थनेच्या पुस्तकांची फाटलेली पानं, ज्या कागदावर देवाचं नाव आहे असं काहीही, टाकायचं नाही, जाळायचं नाही, पेटीत ठेवायचं. आणि गावातला कुणी विद्वान गेला की त्याच्या शेजारी ती पानं पुरायची. हे मला लहानपणी तुझ्या बाबांनी, हानोखनेच, समजावलं होतं. तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. आता त्याच पेटीवर चहाचा ट्रे ठेवून आम्ही चहा पितो.

देवळाच्या कोठीत वाळवीची फवारणी चालू आहे म्हणून देवळाची व्यवस्था बघणारे आवासकर ती ठेवायला जागा शोधत होते. हानोख म्हणाला, "माझ्याकडे ठेवा. तशीही माझ्याबरोबरच जायची आहे, आधी ओळख झालेली बरी." आवासकर हसले नाहीत. ते पेटीकडे बघतात, मग हानोखकडे बघतात. बाई, माप घेणाऱ्या शिंप्यासारखं बघतात गं ते. शेवटचा विद्वान जाऊन कितीतरी वर्षं झाली, पेटी काठोकाठ आहे, आणि पुण्यात तुमच्या लोकांत आता हिब्रू समजून वाचणारा हा एकच उरला.

तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही. माझ्या नातीने, संस्कृतीने, तुला कुठेकुठे शोधून मेसेज टाकला. "आजोबा, सीन केलंय, रिप्लाय नाही," म्हणाली. तुझ्या जुन्या नववर्षाच्या कार्डावर इस्राएलातल्या अश्दोदचा पत्ता होता, त्यावर हे पाठवतो आहे. पत्राला वेळ लागेल. लागू दे. आमच्या पिढीला उत्तराची वाट बघत जगायची सवय आहे.

काल बसमधून येताना साखर संस्थेच्या उसाकडे बघत होतो. एवढाच ऊस आता मांजरीत दिसतो, आमच्या रानात तर चौदा मजले उभे आहेत. शाळेत असताना हानोख शनिवारी संध्याकाळी सायकलवर इकडे यायचा आणि आम्ही बांधावर बसून कोंडीराम गुरुजींच्या कविता म्हणायचो. गुरुजी स्वतःच रचायचे. आठवते का तुला ती, लहानपणी मी तुला झोपवताना म्हणायचो?

सांज झाली, गाय अजुनी ना घरी आली;
दार लावू नको माये, वाट ओली झाली.

हानोखने वर्गात हात वर केला होता. "गुरुजी, गाय शेवटी आली का?" गुरुजी म्हणाले, "बस खाली. पुढचं कडवं अजून सुचलेलं नाही."

तू ये. कारण पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
मच्छिंद्रकाका

मांजरी, १९ ऑगस्ट

चि. शुलू,

कारण हे की तुझे बाबा शब्दकोशाच्या स्लिपा पेटीत टाकू लागले आहेत.

माझा आधी विश्वासच बसला नाही. परवा गेलो तर सोजरबाई स्वयंपाकघरातून खुणावत होत्या. त्या सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक करून देतात त्याला, तू गेल्यापासून. "काका, ती पेटी घरातून हलवा. साहेब रोज तिच्यात कायतरी घालत्यात. भरलेल्या पेटीत आणखी जागा व्हतीच कशी?" मी आत गेलो. हानोख टेबलाशी बसला होता. समोर खण, एक एक स्लिप डोळ्याला चिकटवून बघतो, अंगठा तिच्या कोपऱ्यावरून फिरवतो, तपकीर चिमटीत घोळवावी तसा, आणि काही स्लिपा डाव्या हाताला टोपलीत.

"हे काय चाललंय?"

"निवडतोय."

"टोपलीतल्या कुठे जाणार?"

"त्यांच्यावर एकच सही आहे, मच्छा."

तुला नियम माहीत आहे, तू त्याच नियमात वाढलीस. एकाने स्लिप करायची, दुसऱ्याने मूळ ग्रंथ उघडून ताडून बघायची, मग दोघांच्या सह्या. त्याची काळ्या शाईत 'हा', तुझी हिरव्या शाईत 'शु'. दोन सह्या नसलेली स्लिप म्हणजे ऐकीव गोष्ट, असं तो म्हणतो. आणि तू गेल्यापासून त्याने केलेल्या प्रत्येक स्लिपेवर एकच सही आहे. अकरा वर्षांचं काम. "तपासणारं कुणी नाही. डोळे गेले, आता मी स्वतःही तपासू शकत नाही. उद्या कुणीतरी चुकीचं छापेल. त्यात देवाचं नाव असलेली अवतरणं आहेत त्यांच्यावर, रद्दीत तर देता येत नाहीत. मग जायचंय तिथे मीच घेऊन जातो."

एवढ्या शांतपणे बोलला की शाळेत बोलणी खाताना बघायचो तसा मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला वाटतं, शुलू, या माणसाने काय केलं हे पुण्याला कधी कळलंच नाही. मराठीतून हिब्रू, अरबी, सिरियाक शिकवणारा इथे याच्या आधी कोण होतं? मोमिनपुऱ्यात युसूफ मौलवींकडे अरबी शिकला. त्यांनी फी म्हणून याच्याकडून ज्ञानोबा वाचून घेतले. सिरियाकसाठी केरळात एका पाद्रीबाबांकडे राहिला, आणि आल्यावर वर्षभर सांबाराचं नाव काढू देत नव्हता. आणि मग हा कोश. आपण रोज बोलतो त्या हिशोब, मालक, वकील, दुनिया या शब्दांचे दूरदूरचे चुलतभाऊ शोधून एका पंगतीला बसवायचे. परवा टेबलावर 'कबर' होती. "बघ, मच्छा. हिब्रू, अरबी, सिरियाक, हबशी, बाबिलोनची जुनी भाषा. सगळीकडे तीच तीन व्यंजनं. माणसं एकमेकांशी हजारो वर्षं भांडली पण या एका शब्दावर कुणाचं दुमत नाही." आणि ती स्लिप टोपलीत टाकली.

तुझं आणि त्याचं काय झालं ते मी विसरलेलो नाही. छापखान्यात, चार माणसांत, पहिल्या खंडाची प्रुफं हातात धरून तो म्हणाला होता, "ही सही विश्वासाची नाही." एका चुकीसाठी. मी तिथे उभा होतो. तुझ्या ओठांत टाचणी होती. काम करताना तू नेहमी टाचणी ओठांत धरायचीस आणि तुझी आई ओरडायची, गिळशील एखाद दिवस. तू ती टाचणी काढून टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. खंड छापला गेला नाही, आणि तुला परत बोलावणारा शब्द या एवढ्या भाषा येणाऱ्या माणसाला सापडला नाही.

ये गं. हिरव्या शाईची बाटली अजून आहे.

मच्छिंद्रकाका

मांजरी, १० सप्टेंबर

चि. शुलू,

चांगली बातमी. पेटीत हल्ली फारसं काही जात नाही.

मी रोज जातो. मांजरीहून स्वारगेट, तिथून बिबवेवाडी. गुडघे कुरकुरतात, पण टेबलाशी हानोखसमोर बसलं की पुन्हा बाकावर बसल्यासारखं वाटतं. तो खण तपासतो, टोपली भरतो. टोपली पेटीत रिकामी करायचं काम माझ्याकडे आहे. मी ते माझ्या पद्धतीने करतो.

त्याला म्हटलं, तुझ्या पुष्कळ स्लिपांवर दोन सह्या निघतायत की रे. तो म्हणाला, "असं?" मी म्हटलं, तुला दिसत नसेल. तो म्हणाला, "तेही खरंच."

संस्कृती रविवारी आली होती. हिंजवडीतून येते तेव्हा दोन तास ट्रॅफिकमध्ये काढलेला राग घेऊनच येते. म्हणाली, "हानोख आजोबा, हे सगळं स्कॅन करू ना. वीकेंडला दोन मित्र आणते, डन." हानोख म्हणाला, "करा की. मग चुका जगभर एकदम पोचतील. आत्ता एका खोलीत अडकून पडल्यात बिचाऱ्या." ती जोरात हसली. त्याला नात आवडते. मग तिला विचारतो, तुझ्या मैत्रिणी परदेशात असतात ना, त्या आईबापांना फोन करतात का? ती म्हणाली, "रोज व्हिडिओ कॉल." त्याने पुढची स्लिप डोळ्याला लावली. मग म्हणाला, "रोज म्हणजे जरा जास्तच."

आवासकर आले होते. फवारणी झाली, पण पेटी परत न्यायचं नाव काढत नाहीत. झाकणावरची धूळ रुमालाने पुसली, कडी हलवून पाहिली. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाले, "सरांचा खोकला जुना का नवा?" मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर कधी झालात? पण घरी येईपर्यंत त्या खोकल्याचा आवाज कानात होता. जुना नाही तो, शुलू.

सोजरबाई आता हॉलमधून जाताना पेटीच्या बाजूने जात नाहीत. भिंत धरून पलीकडून जातात.

तू पहिलं पत्र वाचलं असशील एव्हाना. वाचलं असशीलच.

मच्छिंद्रकाका

मांजरी, ३० सप्टेंबर

शुलू,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहायला हवी होती, कारण आता ती फक्त तूच निस्तरू शकतेस.

टोपलीतल्या स्लिपा मी पेटीत टाकत नव्हतो. तो दुपारी पडायचा तेव्हा मी तुझी हिरवी शाई काढायचो आणि एकेका स्लिपेवर 'शु' लिहायचो. तुझा उकार लांब असतो, शेपटीसारखा, तो मी रद्दीवर गिरवून शिकलो. मग स्लिपा परत खणात. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मी फक्त एवढंच बघत होतो की त्या मातीत जाऊ नयेत. दोन सह्या झाल्या की त्या वाचतात, एवढाच नियम मला कळला होता.

काल त्याने एक स्लिप काढली. अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग म्हणाला,

"मच्छा, किती केल्यास?"

मला चौथीतल्या मुलासारखा घाम फुटला.

"या नव्या खणांतच का जुन्यांतही मिसळल्यास?"

मिसळल्या होत्या. त्याला संशय येऊ नये म्हणून मी त्या तुझ्या स्लिपांच्या मधेमधे घातल्या होत्या. मी म्हटलं, दे, माझ्या मी शोधून काढतो. बसलो. सगळे 'शु' सारखे दिसायला लागले. बाई, मी इतकं छान गिरवलं होतं की माझं मलाच ओळखता येईना.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खणांच्या रांगेकडे बघत बसला, त्याला त्या दिसतही नसाव्यात. मग म्हणाला, "एक खोटी सही निघाली की सगळ्या संशयात. आता तिचीही कुठलीच धरता येणार नाही. तिची सही ती स्वतःच ओळखेल, दुसरं कुणी नाही. नाहीतर सगळेच खण पेटीत."

"सगळे?"

"पेटीला घाई आहे. आवासकर दिवाळीनंतर न्यायला येणार म्हणाले. तोपर्यंत थांबतो. लिही तिला."

"तू लिही. तुझी मुलगी आहे."

"माझ्या सहीवर तिचा विश्वास कुठाय," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी संस्कृतीकडून काही स्लिपांचे फोटो काढून घेऊन तुला पाठवतो म्हटलं. तर म्हणाला, "फोटोत काय कळणार? हाताला लागायला हवं. तिला इथे यावं लागेल." आणि संस्कृतीचा फोन उशीखाली ठेवून दिला, ती दोन तास शोधत होती.

तेव्हा आता तुझं येणं माझ्या म्हातारपणीच्या हट्टासाठी नाही. तुझी स्वतःची वीस वर्षं त्या खणांत आहेत, आणि ती मी नासवली आहेत. दिवाळीच्या आत ये. माझ्यावर चिडायला ये.

मच्छिंद्रकाका

बिबवेवाडी, २१ ऑक्टोबर

शुलू,

हे त्याच्या घरूनच लिहितो आहे. ताप उतरत नाही. दवाखान्यात जात नाही. डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही औषध द्या, वाद मी घालतो."

दुपारी तो हॉलचं दार आतून लावून घेतो. मला आत घेत नाही. सोजरबाई आणि मी स्वयंपाकघरात बसतो आणि ऐकतो. खण ओढल्याचा आवाज. कागदांचा. मग पत्र्याचं झाकण. मग पुन्हा खण. मधे खोकला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि आपण उठून दार वाजवणार तेवढ्यात पुन्हा झाकण.

"टाकत्यात," सोजरबाई म्हणतात. "सगळं टाकत्यात बघा."

मी दारातून म्हटलं, हानोख, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला होतास. आतून म्हणाला, "थांबलोच आहे." आणि मग, "टपाल आलं का?"

रोज विचारतो. टपाल म्हणजे कुठलं, ते मी विचारत नाही आणि तो सांगत नाही. काल खाली गेटशी पोस्टमन दिसला तर मी जिना उतरलो. सोसायटीच्या मेंटेनन्सची नोटीस होती. वर येऊन सांगितलं, काही नाही. तो म्हणाला, "मेंटेनन्सचं असेल." खिडकीतून त्याला एवढं दिसत नाही. त्याला कसं कळलं?

काल संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाला, ती गायीची कविता म्हण. मी म्हटली. शेवटी म्हणाला, "गुरुजींना पुढचं कडवं सुचलं होतं, तुला माहितेय? मला सांगितलं होतं त्यांनी, शाळा सोडताना." मी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, "चांगलं नव्हतं."

आवासकर दिवाळीनंतरच्या सोमवारी येतात.

म.

मांजरी, १२ नोव्हेंबर

प्रिय शुलू,

तार आता नसते, तुझा नंबर शेवटपर्यंत मिळाला नाही, तुझ्या तिकडच्या समाजाच्या कुणाकडून तरी निरोप पोचला असेल. तुझे बाबा गुरुवारी सकाळी गेले. तुमच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी, सूर्य खाली जायच्या आत सगळं झालं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आवासकर दुपारभर फोन करत होते. नववा आला, दहाव्यासाठी एका मुलाला कॉलेजातून आणावं लागलं. मी पायरीवर उभा होतो, पण मी मोजणीत येत नाही.

पेटी तिथे नेली होती. पत्रा मातीत घालत नाहीत, म्हणून शेजारच्या खड्ड्यापाशी पांढरी चादर अंथरून ती उपडी केली. मी डोळे मिटून घेतले होते. तुझी वीस वर्षं, त्याची अकरा, सगळं त्या चादरीवर पडणार होतं. आवाज फार थोडा झाला. उघडून बघितलं तर जुन्या प्रार्थनापुस्तकांची पिवळी पानं, आणि त्यांच्यावर स्लिपांची एकच जुडी, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली.

सगळ्यात वर 'कबर' होती. काळा 'हा', हिरवा 'शु'. तो 'शु' माझा होता. उन्हात मला स्पष्ट दिसलं. उकाराची शेपूट लांब काढायच्या नादात मी प्रत्येक ठिकाणी मधेच जरा थांबलो होतो, तिथे शाई गोळा झालेली. कोपरे उचलून पाहिले. खालची तशीच. त्याच्या खालची तशीच. माझ्या सगळ्या होत्या. तुझी त्यात एकही नव्हती.

मी तिथून बिबवेवाडीला गेलो. खण भरलेले होते. सुरुवातीला त्याने स्वतःच्या हाताने पेटीत टाकलेल्या स्लिपासुद्धा परत जागेवर होत्या. दार लावून दुपारभर तो टाकत नव्हता, शुलू. काढत होता.

मग मी तुझी एक स्लिप घेतली आणि त्याच्यासारखा अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. बारीक टोचलं. दुसरी घेतली, तिलाही. तुझ्या प्रत्येक स्लिपेच्या कोपऱ्यात टाचणीचं एक भोक आहे. ग्रंथ उघडून ताडून झाल्यावरच टोचायचीस ना तू? सही कुणीही गिरवेल, टाचणी तुझ्या ओठांतली होती. हे तुम्हा दोघांतलंच होतं, मला कुणी कधी सांगितलं नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याने मला पकडलं त्या दिवशीही त्याला तुझी कुठली आणि माझी कुठली हे डोळे मिटून कळत होतं. सगळे खण पेटीत जातील, फक्त तीच ओळखू शकेल, हे सगळं त्याने रचलं, मी तुला पत्र लिहावं म्हणून. 'मुलगी हवी आहे' एवढं म्हणण्याऐवजी.

छापखान्यात तो काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. मरताना त्याने काय केलं तेही आता मी पाहिलं आहे. तुझ्या सहीची एकही स्लिप त्याने मातीत जाऊ दिली नाही.

गेल्या त्या मी वाचवायला घेतलेल्या. सही नसती केली तर त्या आज खणात असत्या. त्याच्या हातची खरी स्लिप माझ्या खोट्या अक्षराने बाटली, म्हणून त्याने ती बरोबर नेली. कदाचित माझी लाज झाकायलाही नेली असेल. मला ते ठरवता येत नाही.

उरलेल्या एकेका सहीच्या स्लिपा पहिल्या खणात आहेत, नीट लावून. प्रत्येकीवर काळ्या 'हा'च्या शेजारी जागा सोडलेली आहे. त्या जागेवर मी काही लिहिलेलं नाही, लिहिणार नाही.

घरमालकांना फ्लॅट महिनाअखेर हवा आहे. आणि काल आवासकर आले, रिकामी पेटी घासूनपुसून घेऊन. कोठीत पुन्हा वाळवी निघाली म्हणे. हॉलमध्ये त्याच जागी ठेवली. झाकण उघडून एक फाटकं पान आत सोडलं, एकच, ते तळाशी जाईपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. मग म्हणाले, "काका, आता ही कुणाबरोबर जायची? वाचणारं उरलंय कोण?"

ते तुझ्या टेबलाकडे बघत होते. मग म्हणाले, "सरांची मुलगी असते ना तिकडे. किती वय असेल तिचं?"

मी त्यांना चहा न विचारता वाटेला लावलं. पण पेटी नेली नाही त्यांनी.

किल्ली माझ्याकडे आहे. टाचणीची डबी टेबलावर आहे. मी रोज संध्याकाळी जाऊन हॉलचा दिवा लावतो, आणि निघताना दार नुसतं ओढून घेतो.

मच्छिंद्रकाका